मुरुमावरची चाकं

सायकलीबरोबर आलेली चाकं आज पहिल्यांदाच पूर्ण उघडी करून काट्यावर ठेवली. टायर, ट्यूब, डिस्क, कॅसेट, सगळं उतरवून. पुढचं 890 ग्रॅम, मागचं 1,070. जोडी 1,960. रिमची आतली रुंदी 19 मि.मी. चार वर्षं याच चाकांवर पानशेत, वेल्हे, सासवड, सुपे केलं. आता बदलायची आहेत आणि हलकी हवी आहेत. हलकी का हवीत, हे अजून नीट सांगता येत नाही. म्हणून ही वही.

*

माझी सायकल म्हणजे ग्रॅव्हल बाइक, खडीच्या रस्त्यांची सायकल. ही जात अमेरिकेत वाढली. कॅन्सस राज्यातल्या फ्लिंट हिल्समधले, कुरणांच्या मधून जाणारे खडीचे रस्ते हे तिचं एक माहेर. एम्पोरिया गावातून 2006 पासून तिथे 200 मैलांची शर्यत निघते, तिचं आजचं नाव अनबाउंड. फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड. त्याची धार टायरची बाजू चिरते, म्हणून तिथले लोक चाकाच्या आधी टायरबद्दल बोलतात.

आपल्याकडे मुरूम. ऊनपावसात झिजून, कुजून भुसभुशीत झालेला बसाल्ट. तो दयाळू असतो, चाकाखाली दबतो. पण त्याच रस्त्याचं काम निघालं की वर क्रशरची खडी पडते, आणि ताज्या फुटलेल्या बसाल्टला दयामाया नसते. घाट उतरून कोकणात गेलं की जांभा. सुप्याच्या माळावर बाभळीचे काटे. पावसाळ्यात पाणंदीतली काळी माती. ग्रॅव्हल हा एकच शब्द या सगळ्याला पुरत नाही, मग एकच चाक कुठून पुरेल?

*

चाकांच्या कामासाठी मी पेठेतल्या ज्या काकांकडे जाते, त्यांना विचारलं, "काका, 1,400 ग्रॅमची जोडी मिळतेय. घेऊ?"

ते एका जुन्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, वजन कुठून काढलंय ते सांगा आधी. रिममधून, स्पोकमधून, का हबमधून?"

मला सांगता आलं नाही. जाहिरातीत फक्त बेरीज होती.

*

रात्री बसून हिशेब केला. मी, सायकल, पाणी, पिशवी, हत्यारं मिळून 80 किलो. सिंहगडाच्या घाटासारखा 600 मीटरचा चढ धरला आणि माझी ताकद 160 वॉट. नुसतं उंचीवर चढायलाच सुमारे 49 मिनिटं लागतात. चाकांतून समजा 300 ग्रॅम कमी केले, तर त्यातली 11 सेकंद वाचतात.

अकरा सेकंद. आकडा चुकला असेल म्हणून दोनदा केला.

मग वेग घेण्याचा हिशेब. रिमवरचं वजन पुढेही जातं आणि फिरतंही, म्हणून त्याला वेग द्यायला फ्रेमवरच्या तितक्याच वजनाच्या दुप्पट ऊर्जा लागते. 'चाकावरचा ग्रॅम दुप्पट' ही म्हण इथून आली, आणि ती खरी आहे. पण शून्यापासून ताशी 25 किलोमीटरपर्यंत जायला माझ्या 80 किलोला साधारण 1,900 ज्यूल लागतात आणि रिमवरच्या 300 ग्रॅमला साडेचौदा. दुप्पट धरूनही पाऊण टक्का. शिवाय एकदा वेग धरला की हा दुप्पटपणा संपतो. एका लयीत चाललेल्या चढावर ते नुसतं वजन असतं, पाण्याच्या बाटलीइतकंच.

*

तरीही हलकं चाक हाताला कळतं. मैत्रिणीच्या सायकलवर बसले होते तेव्हा कळलं होतं. दगड दिसल्यावर पुढचं चाक उचलताना, वळणात हँडल फिरवताना, चढावरच्या मोकळ्या खडीत अडखळून पुन्हा जोर लावताना. घड्याळात न दिसणारा, पण चार तासांनंतर खांद्यांत दिसणारा फरक. मला तो हवा आहे. तो शर्यतीच्या भाषेत मोजता येत नाही म्हणून खोटा ठरत नाही.

*

वजन कमी करायची पहिली जागा चाक नाहीच. साध्या रबरी ट्यूबा काट्यावर ठेवल्या: प्रत्येकी 190 ग्रॅम. ट्यूबलेस केलं की त्याऐवजी टायरमध्ये 60 मिलीलिटर सीलंट, वर थोडी टेप आणि व्हॉल्व्ह. एका चाकामागे 110 ग्रॅम तरी उतरतात, तेही थेट परिघावरून. जोडीला सव्वादोनशे, नव्या चाकांतून धरलेल्या 300 च्या पाऊणपट. वर बाभळीचा काटा काढला की भोक आपोआप बुजतं. सुप्याला मी एका सकाळी चार पंक्चर काढली आहेत, त्यामुळे मला यात पटवण्यासारखं काही उरलेलं नाही.

सीलंट मात्र उन्हाळ्यात लवकर सुकतं. मार्च ते मे दर महिन्याला बघायचं.

*

काकांच्या दुकानात चाकाची एक तार छेडली की सूर निघतो. ते पान्यापेक्षा कानावर जास्त विसंबतात: एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात आल्या की ताण सारखा झाला. तंबोरा लावणाऱ्या माणसासारखे मान किंचित तिरकी करून ऐकतात.

बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यावर उभा असतो. लाकडी आरा दाबला जातो, तुंबा आणि धाव यांच्यामध्ये खांबासारखा. सायकलची तार दोन मिलीमीटरची. ती दाबली तर वाकेल. म्हणून ती आधीच ओढून ठेवतात, प्रत्येक तार 100 किलोच्या आसपास. भार आल्यावर खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, इतकंच. ही कल्पना जॉर्ज केली या इंग्रजाने 1808 मध्ये वहीत मांडली, तीही उडत्या यंत्राच्या चाकासाठी. मग 1874 मध्ये जेम्स स्टार्लीने तारा हबमधून सरळ बाहेर न काढता तिरक्या, एकमेकींना ओलांडून बसवल्या, म्हणजे पायडलचा जोर हबकडून रिमकडे नीट पोहोचेल. आज माझ्या चाकात तेच आहे. पुढे जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्याने 1981 मध्ये 'द बायसिकल व्हील' हे पुस्तक लिहून भाराखाली तारेचं नेमकं काय होतं ते हिशेबाने दाखवलं. काका चाक झाल्यावर शेजारच्या तारा जोडीजोडीने मुठीत घट्ट दाबतात. ते त्या पुस्तकातही आहे. काकांनी पुस्तक पाहिलेलं नाही.

*

तारांमध्ये एक गोष्ट फार आवडली. टोकांना 2 मि.मी. आणि मधे 1.8 मि.मी. अशी तार सरळ 2 मि.मी.च्या तारेपेक्षा हलकी असते आणि जास्त टिकतेसुद्धा. तार तुटते ती बहुतेक वेळा हबपाशी, वाकलेल्या मानेत. मधला बारीक भाग रबरासारखा थोडा ताणला जातो, म्हणून दणका बसला की पूर्ण सैल पडत नाही, आणि मानेवरची ओढाताण कमी होते. हलकेपणा आणि टिकाऊपणा इथे एका बाजूला उभे आहेत. अशा जागा शोधायच्या.

उलट उदाहरण निपलचं, म्हणजे तार रिमला धरणाऱ्या छोट्या नटाचं. पितळी निपल साधारण एक ग्रॅमचं, ॲल्युमिनियमचं त्याच्या एक तृतीयांश. 56 तारांना मिळून 35-40 ग्रॅम वाचतात. पण दोन पावसाळ्यांनंतर ॲल्युमिनियमचं निपल तारेला धरून बसतं, आउट काढायला गेलं की डोकं गोल होतं. चाळीस ग्रॅमसाठी चाक दुरुस्तीबाहेर जाऊ द्यायचं नाही. पितळ.

*

मागच्या वर्षी केळदच्या बाजूने वेल्ह्याकडे येताना उतारावर एक दगड दिसला नाही. मागच्या ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं आणि रिमची कड बोटभर लांबीत आत दबलेली. ॲल्युमिनियम होतं. ॲडजस्टेबल पान्याच्या जबड्यात धरून हळूहळू सरळ केलं, टायर बसला, हवा राहिली, घरी आले.

पुढे महिन्याभराने मैत्रिणीची कार्बनची रिम तशाच दगडावर तडकली. कार्बन वाकत नाही, धरतं किंवा जातं. ती सायकल वडापच्या टपावर घालून आली. कंपनीने रिम बदलून द्यायचं कबूल केलं होतं. चाक हाती यायला पावसाळा संपला.

तिच्या चाकाला मी नावं ठेवणार नाही, ते सुंदर होतं, आणि त्याच्या जाड बोथट कडा माझ्या पातळ कडांपेक्षा टायरला कमी चिमटा काढत होत्या. पण मी बहुतेक वेळा एकटी जाते. जिथे जाते तिथे फोन लागत नाही. माझ्या चाकाने मोडताना मला घरी आणलं पाहिजे.

*

कडेला आत वळलेला आकडा नसलेल्या रिमबद्दल बरंच ऐकलं. नियमाने तिच्यात 5 बारपेक्षा, म्हणजे साडेबहात्तर पीएसआयपेक्षा जास्त हवा भरायची नाही, आणि टायर तिच्यासाठी मान्य केलेलाच हवा. मी 40 च्या टायरमध्ये मागे 32 आणि पुढे 29 भरते, तेव्हा हवेची अडचण नाही. अडचण टायरची. गावाकडच्या दुकानात मिळेल तो टायर चढवता आला पाहिजे. आकडा असलेली रिम.

*

रुंदी. माझा 40 चा टायर जुन्या 19 च्या रिमवर कॅलिपरने मोजला तर 38 भरला. 24 च्या रिमवर तोच 40 होईल. रुंदीतल्या दर मिलीमीटरला टायर 0.4 मि.मी. फुगतो असा ठोकताळा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टायरच्या भिंती सरळ उभ्या राहतात, त्यामुळे कमी हवेत वळताना टायर पायाखालून सरकल्यासारखा वाटत नाही. माझ्या मते ग्रॅव्हलच्या चाकात वजनाच्या आधी हाच आकडा विचारावा. 300 ग्रॅमने मला अकरा सेकंद मिळतात, पाच मिलीमीटरने मुरुमाच्या उतारावर ब्रेकवरची बोटं सैल सोडता येतात.

फ्रेममध्ये जागा किती उरते ते बघणे. काळ्या मातीला जागा लागते, नाहीतर ती फ्रेममध्ये ठासून चाक अडवते. अनबाउंडमध्येही 2023 साली चिखलाने असंच केलं, सुरुवातीच्याच टप्प्यात लोक सायकली उचलून चालत होते. ऑगस्टमध्ये सुप्याहून आल्यावर मी दोन्ही चाकांवरची आणि टायरवरची माती खरवडून काट्यावर ठेवली. 640 ग्रॅम. वाचवणार होते त्याच्या दुप्पट.

*

650बी ची चाकं? 622 ऐवजी 584 मि.मी. व्यास, आणि त्यात 48 चा जाड टायर. कोकणच्या जांभ्यावर मजा येईल. दुसरी जोडी परवडेल तेव्हा.

*

हब. इथे मात्र जड असलं तरी चालेल. वजन मध्यभागी आहे, फिरवायला काही लागत नाही. पावसाळ्यात ओढे ओलांडताना पाणी आत जातं, तेव्हा बेअरिंग वर्षाला बदलायचंच असं धरून चालायचं. म्हणून असा हब, ज्यात नेहमीच्या नंबरचं बेअरिंग बसतं. 6902 म्हणजे आत 15, बाहेर 28, जाडी 7 मि.मी. हे बेअरिंग सायकलच्या दुकानात नसलं तरी बेअरिंगवाल्याकडे मिळतं. काकांनी कागदावर हा नंबर लिहून दिला आणि खाली रेघ मारली.

फ्रीहबचे 36 दात म्हणजे दहा अंश फिरल्यावर पायडल पकडतं. 54 असतील तर पावणेसात अंशाच्या आत. खडीतल्या चढावर अर्धं पायडल मारून चाक पुढे ढकलायचं असतं, तिथे फरक पडतो. 36 पुरेल. जास्त दातांचा आवाजही जास्त, आणि मला माळावर चंडोल ऐकायचा असतो.

*

ठरलं. ॲल्युमिनियमची रिम, आत 24 मि.मी., आकड्याची. तारा 28 आणि 28, मधे बारीक, मान वाकलेल्या, म्हणजे जादाच्या चार तारा सीटपोस्टमध्ये ठेवता येतील. पितळी निपल. मागच्या रिमची भोकं मध्यापासून थोडी बाजूला, कारण कॅसेटच्या बाजूच्या तारा फार ताणलेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या ढिल्या पडतात, ती तफावत त्याने कमी होते. काकांचा अंदाज 1,640 ग्रॅम.

*

1,652. काकांनी दोनदा काट्यावर ठेवलं आणि बारा ग्रॅमची माफी मागितली.

मी पहिल्यांदा पुढचं चाक एक्सलवर धरून फिरवलं. ते थांबेपर्यंत दोघंही काही बोललो नाही. मग त्यांनी मला मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या तारा एकेक छेडायला लावल्या. नवव्या तारेला मी थांबले. किंचित खाली होती. त्यांनी निपल पाव फेरा फिरवलं.

"पहिले शंभर किलोमीटर झाले की आणा," ते म्हणाले. "तारा बसतील, सूर उतरेल थोडा."

उद्या पहाटे साडेपाचला निघायचं. सासवडमार्गे सुपे, परत येताना पाणंदीने. शंभर किलोमीटरच्या वर.