बिनबियांचा घड

गेल्या फाल्गुनांत नाशिकच्या आमच्या घरीं पंगत उठल्यावर आम्हीं मोठ्या ऐटींत जाहीर केलें कीं, ज्याच्या बीजांत मनुष्यानें हात घातला आहे असा दाणा या घरांत शिजणार नाहीं. निमित्त होतें 'कमला' या भाताचें. हैदराबादच्या भात-संशोधन संस्थेनें सांबा मसुरीच्या एका जनुकांत फेरफार करून हा वाण सिद्ध केला; २०२५ च्या मे महिन्यांत तो जाहीर झाला. सायटोकायनिन हें वनस्पतींतील एक वृद्धिद्रव्य. त्याचा नाश करणारें जनुक निकामी केलें म्हणजे तें लोंबींत अधिक सांचतें व दाणे अधिक धरतात, अशी त्यांतील युक्ति.

आमचा भाचा निफाडकडील द्राक्षबागाईतदार. त्यानें मुकाट्यानें थॉमसनचा एक घड पुढें ठेविला व म्हणाला, "मामा, यांत बी शोधून द्या."

दुसरे दिवशीं त्याच्या बागेंत आमचें अज्ञान घडोघडीं उघडें पडलें. बी न धरणें ही मुळांत निसर्गाचीच एक लहर. माणसानें काड्या लावून ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. वेल थॉमसनची, मुळें डॉगरिजचीं. आश्विनांतील छाटणीनंतर जिबरेलिनचे फवारे. फुलोऱ्यापूर्वीं घड लांबावा म्हणून, पुढें मणी फुगावे म्हणून. जोडीस सायटोकायनिनचेंच कार्य करणारें एक कृत्रिम द्रव्यहि वापरतात. भाताच्या बीजांत जें एकदांच केलें, त्याच जातीचें काम येथें दर हंगामांत बाहेरून चालतें. आणि हीं द्राक्षें आम्ही वर्षानुवर्षें देवापुढें ठेवीत आलों!

परततांना ताईनें ओसरीवरचें मडकें दाखविलें. त्यांत आपल्याच डेंगळ्यांपासून धरलेलें कांद्याचें उळें होतें. "तुझा तो भात असा ठेवतां येतो का रे?"

आम्ही निरुत्तर झालों. २००२ सालीं बीटी कापूस आला, तो बहुतेक संकरित वाणांतून. म्हणून शेतकऱ्यास दरसाल बी विकत घ्यावें लागलें. तें बंधन जनुकाचें नव्हे, संकराचें होतें. कमला हा सरळ वाण. त्याचें बी पुढील पेरणीस खरें उतरावें. प्रश्न उरतो तो हक्काचा.

आमची प्रतिज्ञा आम्हीं मागें घेतली आहे. दाणा आरोग्यास निर्धोक आहे, हें शास्त्रज्ञांनीं तपासून सांगावें. मग आम्ही तो आनंदानें खाऊं. मात्र पुढील पेरणीचें बी ताईच्या मडक्यांत राहण्यास कोणाची आडकाठी नाहीं ना, एवढें आधीं विचारून.