मुके वाद्य

पेटीवादक पंडित रामभाऊ विजापुरे २०१० साली निवर्तले. तरी बेळगावात पेटीचा सूर अजून घुमतो. आमच्या घरीही आजोबांची पेटी आहे. यंदा संगणकावर चाली बांधण्यासाठी मिडी कीबोर्ड घेण्याचे आम्हां भावंडांनी ठरविले. हे वाद्य स्वतः मुके; कोणती पट्टी किती जोराने दाबली, एवढेच ते संगणकास कळविते. २५ पट्ट्यांचा कीबोर्ड स्वस्त होता. पण दोनच सप्तकांत पेटीवर फिरणारा हात अडखळला. म्हणून ४९ पट्ट्यांचा, पेटीवर न निघणारी मींड काढण्यास चाक असलेला, आम्ही पसंत केला. पैसे अपुरे पडले. जुनी पेटी विकावी, असे आमच्यापैकी एकाने सुचविले. आजोबा बोलले नाहीत. भाता हलवून त्यांनी षड्ज धरला. आम्ही दिवाळीपर्यंत थांबलो. आज दोन्ही वाद्ये एकाच खोलीत नांदतात.