हरिहरेश्वर ते दमण

"मुंबईवरचं संकट टळलं."

३ जून २०२०, दुपारचे चार वाजत आलेले. टीव्हीवर लाल पट्टीत हे वाक्य फिरत होतं, निवेदिकेच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती, आणि मी डोंबिवलीत बसून काकांचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होतो. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ते वाक्य आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून दोन हाकांवर. कौलारू घर, मागे दहा गुंठ्यांची वाडी. शंभर-सव्वाशे पोफळी, पंधराएक माड, त्यांवर चढवलेली मिरी, दोन जायफळं. काका-काकू तिथे, बाकी आम्ही सगळे मुंबई-पुण्याकडे. कोकणातल्या निम्म्या घरांची हीच कथा, त्यामुळे जास्त सांगत नाही.

लॉकडाऊन होता. घरूनच काम, त्यामुळे लॅपटॉपच्या एका कोपऱ्यात विंडी, ते वाऱ्याचे नकाशे दाखवणारं ॲप, उघडं ठेवायची चटक लागली होती. पंधरा दिवसांपूर्वी, २० मेला, अम्फान चक्रीवादळ बंगालला धडकलं तेव्हा मी ते असंच बसून पाहिलं होतं आणि स्वतःला त्यातला जाणकार समजायला लागलो होतो. ३१ मेपासून अरबी समुद्रात गडबड दिसू लागली. २ जूनला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि बांगलादेशाने सुचवलेलं नाव त्याला मिळालं, निसर्ग. विंडीवर युरोपचं मॉडेल वेगळं बघता येतं, अमेरिकेचं वेगळं. मी दर तासाला आलटून पालटून दोन्ही बघायचो, जणू एकच पत्रिका दोन ज्योतिषांना दाखवतोय. आपल्याला हवं ते ज्याने सांगितलं, तो खरा.

आणि मला हवी होती ती रेघ. वादळाचा मध्य कुठून जाणार ती रेघ. ती अलिबागच्या थोडी खाली किनाऱ्याला टेकत होती. मी नकाशावर अंतर मोजलं. आमचं गाव तिथून सरळ रेषेत साठेक किलोमीटर दक्षिणेला.

रात्री फोन केला.

"काका, रेघ अलिबागवरून जातेय. आपण साठ किलोमीटर लांब आहोत."

"तलाठी सांगून गेलाय रे, शाळेत या म्हणून. काकू म्हणत्येय जाऊ या."

"शाळेत पन्नास माणसं एकत्र, त्यात हा कोरोना. कशाला जाता? घरातच थांबा, खिडक्या नीट लावून घ्या."

"बरं. तू बघतोयस ना तिथे, मग झालं."

हे शेवटचं वाक्य मी कुणाला फारसं सांगत नाही.

हवामान खात्याचं काही चुकलं नव्हतं, हे मला कबूल करायलाच हवं. त्यांच्या पत्रकात आदल्या दिवशीच लिहिलेलं होतं की वादळ हरिहरेश्वर आणि दमणच्या दरम्यान, अलिबागजवळ, ३ तारखेच्या दुपारी किनारा ओलांडेल. हरिहरेश्वर! आमच्याच तालुक्यातलं. लहानपणी दर सुट्टीत जिथे जायचो ते. मी ते पत्रक वाचलं होतं, पुढे तिघा-चौघांना पाठवलंही होतं. पण डोळे अडकले फक्त 'अलिबागजवळ'वर. रेघेच्या दोन्ही अंगांना काढलेला तो फुगत जाणारा पट्टा मला नकाशाची शोभा वाटत होता.

दुसरी गोष्ट कळली ती वादळ होऊन गेल्यावर. आपल्याकडे वादळातला वारा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. वादळ ज्या दिशेला चाललंय तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजव्या हाताला वाऱ्याच्या वेगात वादळाचा स्वतःचा वेगही मिळतो. निसर्ग ईशान्येकडे चाललं होतं. त्याचा उजवा हात म्हणजे मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, पलीकडे दापोली. आणि मुंबई डाव्या हाताला! शाळकरी पोराला कळेल असं हे गणित. चार दिवस नकाशासमोर बसून मला ते सुचलं नाही.

टीव्हीवाल्यांना मात्र मी माफ करणार नाही. सकाळपासून मरीन ड्राइव्ह, वर्सोवा, सी लिंक, रेनकोट घालून मुद्दाम वाऱ्यात उभे केलेले वार्ताहर. १८९१ नंतर मुंबईवर पहिल्यांदाच चक्रीवादळ, असा सारखा घोष. २००९ सालच्या ११ नोव्हेंबरला फयान आलं, तेही अलिबाग आणि मुंबईच्या मध्येच किनाऱ्याला लागलं. किती मच्छीमार परत आले नाहीत, ते कोळीवाड्यात जाऊन विचारा. पण ते मुंबईत शिरलं नाही, म्हणजे आलंच नाही. साडेबारा ते अडीच निसर्ग किनाऱ्यावर चढत होतं, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचा वारा घेऊन, आणि पडद्यावर एक झाड पडलेलं दाखवत होते, दादरचं. तेच झाड, तीन बाजूंनी.

तीन दिवस काही कळलं नाही. चौथ्या दिवशी काकांनी कुणाच्या तरी मोटारसायकलवरून म्हसळ्याच्या बाजूला जाऊन, रेंज सापडली तिथून फोन केला. "आहोत," एवढंच म्हणाले.

ई-पास मिळवून मी आठ तारखेला पोचलो. माणगावपासून रस्त्याच्या दोन्ही कडांना कापून टाकलेली खोडं. गावात शिरताना समुद्र दिसला, तेव्हा मला वाटलं वाट चुकलो. आमच्या गावात रस्त्यावरून समुद्र कधी दिसतच नसे. मधे वाड्या होत्या.

काका ओटीवर बसले होते. डोक्यावर छप्पर नव्हतं, वासे तेवढे होते. वारा आधी डोंगराकडून आला, मग दक्षिणेकडून फिरला, मग समुद्रावरून, असं हाताने दाखवत त्यांनी सांगितलं. कौलं पत्त्यांसारखी उडाली. दोघं माजघरात, धान्याच्या कोठीच्या आड. पोफळी मधोमध मोडत होत्या आणि प्रत्येकीचा आवाज येत होता. काकू मोजत होती म्हणे. चाळीसनंतर तिने मोजणं सोडलं.

अकरा पोफळी उरल्या.

पुढे मदत जाहीर झाली, बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये. ऐकायला बरं वाटतं. हेक्टरात गुंठे शंभर, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये, म्हणजे आम्हाला पाच हजार. पडलेली झाडं कापून बाहेर काढायला कटरवाला आणि गडी मिळून त्याच्या कितीतरी पट गेले. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि काका तेव्हा एकाहत्तरचे. किनाऱ्यावर कुणाची वाडी हेक्टरभर असते? तिथे माणूस गुंठ्यांवर जगतो, झाडांवर जगतो. नंतर झाडामागे रक्कम देण्याचं ठरलं, तोवर लोकांनी खोडं सरपणाला लावली होती. पडलेल्या झाडाचा फोटो लगेच काढून ठेवा, शेजारी उभं राहून, एवढा सल्ला मी आता सगळ्यांना देतो.

विंडी मी फोनमधून काढून टाकलं. परत बघायचं नाही असं ठरवलं होतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. काकांचाच फोन.

"उघड की ते तुझं. रेघ कुठे आहे?"

मी पुन्हा घेतलं होतंच, आठवडाभर आधी. रेघ समुद्रातूनच वर गुजरातकडे जात होती, आणि किनारा पुन्हा तिच्या उजव्या हाताला होता.

"रेघ लांब आहे, काका. पण..."

"लांब ना?" म्हणाले. "मग आम्ही आत्ताच शेजारच्या स्लॅबच्या घरात जातो."