लांब डिझायर, आखूड डिझायर

पनवेलमध्ये गाड्यांच्या स्पेअर पार्टचं माझं दुकान आहे. डिझायरचा टेललॅम्प मागायला कुणी आलं की मी आधी विचारतो, ‘लांब की आखूड?’ २००८ साली आलेली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, २०१२ची ३९९५. तिची डिकी कापली ती करानं. २००६च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं आणि कंपन्यांनी टेप हातात घेतली. चाकणला फोक्सवॅगननं २०१६ साली पोलोवरून अमिओ काढली, खास आपल्यासाठी. डिकी मावावी म्हणून तिचा पुढचा बंपरही आखूड केला.

पुष्कळांना या गाड्या मागून चेंगरल्यासारख्या वाटतात. मला नाही वाटत. गणपतीत माणसं-सामान घेऊन कोकणात उतरणाऱ्या घरांना डिकी हवी होती आणि ती परवडेल अशी मिळाली. हे रूप इथल्या गरजेतून आलंय, म्हणून मला ते देखणं वाटतं.

कळंबोलीला द्रुतगती मार्ग संपतो, तिथे परदेशी पाठवायच्या गाड्या घेऊन मुंबई बंदराकडे निघालेले ट्रेलर दिसतात. काही गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. चाकणची टायगुन मेक्सिकोला टी-क्रॉस म्हणून जाते. फेब्रुवारी २०२२मध्ये पहिल्या खेपेला १,२३२ गाड्या गेल्या. अशा ट्रेलरजवळ मी स्टिअरिंगपेक्षा हेडलाइट निरखतो.

तिथला फरक बाहेरून सहसा कळत नाही. लो बीमचा झोत समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून त्याच्या बाजूला खाली दाबलेला असतो आणि कडेचा माणूस, दगड दिसावा म्हणून कडेला वर चढवलेला. आपल्याकडे तो डावीकडे चढतो; दुबईत, मेक्सिकोत उजवीकडे. कुणाचा तरी आखातातला भाऊ तिकडून हेडलाइट पाठवतो. मॉडेल तेच, खाचा जुळतात, काचही तशीच. ‘शेठ, बसवून द्या ना.’ तो दिवा लावून गाडी रात्री पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागली की झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार आणि डाव्या कडेनं चालणारा अंधारात राहणार. मी बसवत नाही. एकजण फार चिडला, तेव्हा त्याला संध्याकाळी मागच्या भिंतीसमोर नेलं, दोन्ही दिवे लावून झोत कुठे चढतो ते दाखवलं. त्यानं इथलाच दिवा घेतला.