हद्द, जोडी आणि शेजार

शाळकरी मुलांची एक दगडी पाटी, लाकडी चौकट काढून आणि उकळत्या पाण्याने धुऊन, मी टाकीच्या कोपऱ्यात तिरकी उभी केली होती. आणि तिच्यावर सरळ रांगांत चिकटवलेली, खसखशीहून थोडी मोठी, एंजल माशाची दोनअडीचशे अंडी मी भिंगातून पाहत बसलो होतो. ज्या दोन माशांची ती अंडी होती ते आळीपाळीने त्यांच्यापुढे उभे राहून परांनी पाणी ढाळीत होते, आणि माझा हात काचेजवळ गेला की दोघेही बाणासारखे धावून येत होते. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडू लागली, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर बुरशीची लव चढली. पंधरवड्याने पुन्हा अंडी, पुन्हा बुरशी. चार महिने हाच क्रम चालला. मी पाणी बदलले, उष्णता वाढवली, दिवा कमी केला, औषध घातले. ज्याने हे मासे मला जोडी म्हणून दिले त्याच्या शब्दावर शंका घ्यावी असे मात्र मनात आले नाही, कारण त्यांतला मोठा मासा धाकट्याचा पाठलाग करी, त्याच्यापुढे अंग थरथरवी, पाटी तोंडाने घासून साफ करी. नराला शोभेल असे सारे वर्तन त्याच्या ठायी होते. शेवटी एका संध्याकाळी अंडी घालण्याचे कार्य चालू असतानाच भिंग काचेला लावले, आणि दोघांच्याही पोटाखाली उतरलेली नळी जाड, बोथट आणि शेपटीकडे झुकलेली दिसली. एंजलच्या नराची नळी बारीक, टोकदार आणि पुढे झुकलेली असते. माझ्या टाकीत नर नव्हताच. त्या दोन माद्या होत्या.

माझी सारी नोकरी जमीनमोजणीची. तीस वर्षे शेतांच्या हद्दी कायम करण्यात आणि बांधावरच्या तंट्यांची शहानिशा करण्यात गेली, आणि जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कोणाच्याही जबानीवर विसंबू नये हा धडा तिथे पहिल्याच वर्षी मिळाला होता. तरीही घरच्या टाकीपुढे मी तो विसरलो. म्हणून एंजल ज्यात मोडतो त्या सिक्लिड कुळातील माशांचे नरमादीपण कसे ओळखावे आणि त्यांना कोणाची सोबत द्यावी, या दोन प्रश्नांविषयी मला जे उमगले ते लिहून ठेवावेसे वाटते. कारण हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत, आणि दोहोंचा निवाडा एकाच दिवशी, म्हणजे अंडी पडण्याच्या दिवशी होतो.

या कुळात 1700 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि स्वतःची ओळख पटवून देण्याच्या बाबतीत त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. काही जाती आपले लिंग अंगावर लिहूनच वावरतात. नायजेरियाच्या नद्यांतल्या क्रिबेन्सिसची मादी आखूड, गोलसर आणि पिकल्या करवंदासारख्या गडद लाल पोटाची असते, तर नर लांबट, पाठीवरचा पर मागे टोकदार होत गेलेला आणि शेपटी मधोमध निमुळती झालेला असतो. मध्य अमेरिकेतील काळ्या पट्ट्यांच्या कॉन्व्हिक्ट माशात पोटावरची नारिंगी झाक मादीकडे असते आणि आकाराने थोराड असलेला नर करड्या रंगातच राहतो. भपका तो नराचा, या आपल्या मोरावरून बेतलेल्या समजुतीला तिथे धक्का बसतो. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातील केन्यी या जातीत तर पिल्ले सारी निळी असतात, माद्या निळ्याच राहतात आणि नर वयात येताना पिवळे होतात.

मलावीच्याच अनेक जातींत शेपटीच्या अलीकडे, पोटाखाली असलेल्या परावर पिवळे, अंड्यासारखे ठिपके असतात. त्यांचा अर्थ जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ वोल्फगांग विकलर यांनी 1962 मध्ये उलगडून दाखवला. मादी अंडी घालताच ती तोंडात घेते. नर तिच्यापुढे तो पर पसरतो. ठिपके हीही अंडीच आहेत अशा समजुतीने ती तिकडे तोंड नेते, आणि त्याच क्षणी नराचे वीर्य तिच्या तोंडातल्या अंड्यांपर्यंत पोहोचते. नवखे लोक मात्र ठिपके दिसले की नर असे सूत्र पाठ करतात, आणि फसतात. कारण पुष्कळ माद्यांनाही ठिपके असतात, फक्त ते बहुधा थोडे आणि पुसट असतात. खातरजमा करायची तर मासा ओल्या तळहातावर क्षणभर उताणा घेऊन त्याच्या पोटाखालची दोन छिद्रे पाहावीत. ती सारख्या आकाराची असली तर नर, आणि शेपटीकडचे मोठे असले तर मादी. मात्र हात ओला हवा आणि काम श्वासभराचे हवे, नाहीतर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तोच त्याचे रोगांपासूनचे कवच असतो.

एंजल, डिस्कस, ऑस्कर या जाती याच्या अगदी उलट, आणि आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांतली काळुंदर, जिला केरळात करिमीन म्हणतात, तीही त्यांच्याच पंक्तीतली. यांचे नरमादी बाहेरून सारखेच दिसतात. कपाळाचा उंचवटा, परांची लांबी, अंगाची रुंदी यांवरून ठामपणे सांगणारे लोक मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांचे अंदाज चुकलेलेही पुष्कळ पाहिले. इथे एकच मार्ग विश्वासाचा. रुपयाच्या नाण्याएवढी सहा पिल्ले एकत्र आणावीत, मोठ्या टाकीत वाढवावीत आणि त्यांना आपला जोडीदार आपण निवडू द्यावा. आठदहा महिन्यांनी त्यांतले दोघे कळपापासून वेगळे होतात, एक कोपरा आपला म्हणून धरतात आणि बाकीच्यांना तिथून बेदखल करतात. मग अंडी घालण्याच्या आदल्या दिवशी नळ्या उतरल्या की भिंग घ्यावे आणि पक्की नोंद करावी.

क्रिबेन्सिसने तर मला याहून मोठा विस्मय दाखवला. ठाण्याच्या घरी, तलावांतून येणाऱ्या नळाच्या मऊ पाण्यात जांभळाची सुकी पाने टाकून ते आणखी आम्ल केले, तेव्हा एका खेपेच्या पिल्लांत जवळजवळ सारे नर निघाले. या जातीत पिल्लांच्या कोवळ्या वयात पाणी आम्ल असेल तर नरांचे प्रमाण वाढते, हे अभ्यासकांनी प्रयोगांनी सिद्ध केले आहे. म्हणजे जे लिंग आपण जन्मजात आणि अढळ मानतो, त्याच्या घडणीत भोवतालच्या पाण्याचाही वाटा असतो; आणि पाण्याची निगा माझ्याकडे असल्यामुळे त्या घडणीची काही जबाबदारी माझ्यावरही येते.

आता शेजाराविषयी. सोबती निवडताना पहिली पाहायची गोष्ट पाणी. ॲमेझॉन खोऱ्यातल्या एंजलला मऊ, किंचित आम्ल पाणी मानवते. मलावीच्या माशांना कठीण आणि अल्कधर्मी, साधारण 8 पीएचचे. दोघांना एका टाकीत ठेवणे म्हणजे एकावर तरी रोजचा अन्याय करणे. सोलापूरला बदली झाली तेव्हा तिथल्या विंधणविहिरीच्या जड पाण्यात माझे एंजल निस्तेज झाले आणि मलावीचे मासे मात्र असे रंगले की मी पाण्याशी झगडणे सोडून माशांचीच निवड बदलली. दुसरी गोष्ट तोंडाचा आकार. एंजलबरोबर इवलासा निऑन टेट्रा लहानपणी सुखाने नांदतो, पण एंजल पुरता वाढला की तोच त्याचे अन्न होतो. तिसरी गोष्ट थर. तळ धरून राहणाऱ्या सिक्लिडला वरच्या थरात फिरणारे शांत मासे चालतात. एवढेच नव्हे, वर निर्धास्त फिरणारा थवा दिसला की खाली लपून बसलेला भित्रा सिक्लिड धीर येऊन बाहेर पडतो.

पण चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हंगाम. माझ्या चार फुटी टाकीत दोन कॉन्व्हिक्ट, चार गोरामी आणि काही बार्ब दीड वर्ष एकत्र नांदले. एका सकाळी पाहतो तो सारे गोरामी आणि बार्ब पाण्याच्या पृष्ठभागाशी, एका वीतभर कोपऱ्यात, अंगाला अंग लावून उभे होते. दोघांचे पर फाटून धाग्यांसारखे झाले होते. आणि उरलेल्या साऱ्या टाकीवर जेमतेम तीन इंचांची कॉन्व्हिक्टची मादी कब्जा सांगत होती. उलट्या घातलेल्या फुटक्या कुंडीत रात्री तिने अंडी घातली होती. ती क्रूर झाली नव्हती. ती आई झाली होती, आणि आईला किती जागा लागेल याचा हिशेब मी केला नव्हता. त्या दिवशी मधे काच घालून मी टाकीची वाटणी केली, पण एक गोरामी वाचला नाही.

मलावीच्या माशांचे गणित आणखी निराळे. तिथे तोंडात अंडी धरलेली मादी सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते आणि नर मात्र खडकातली आपली कपार सांभाळीत इतरांना पिटाळीत असतो. एका नरामागे एकच मादी ठेवली तर त्याचा सारा जाच तिच्यावर पडतो. तीनचार ठेवल्या तर तो विभागला जातो. रंगाने आपल्यासारखा दिसणारा परका नर त्याला सर्वांत असह्य, म्हणून एकसारख्या रंगाच्या दोन जाती टाळाव्यात. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी मोडल्या की सर्वांनाच नव्याने वहिवाट कायम करावी लागते आणि नवागताला त्यात पाय रोवायला अवसर मिळतो.

काळुंदरीची एक हकीकत मला या विषयाचे सार वाटते. श्रीलंकेच्या खाजणांत तिच्याबरोबर तिचाच नात्यातला, केशरी रंगाचा एक लहानगा सिक्लिड राहतो. तो तिच्या अंगावरचे परोपजीवी टिपून तिची शुश्रूषा करतो. आणि तिने अंडी घातली, पिल्ले झाली, की तीच अंडी आणि पिल्ले तो खातो. इतर दिवशी ज्याला ती आपले अंग मोकळे करून देते, त्यालाच त्या दिवशी तिला पिटाळावे लागते. खाजण विस्तीर्ण असल्यामुळे हा शेजार तिथे टिकून आहे. आपल्या चार फुटांच्या काचेत तेवढा विस्तार नसतो, आणि पळायला जागा नसलेल्या माशाची ती उणीव आपल्या विचाराने भरून काढावी लागते.

म्हणून या छंदात नव्याने पडणाऱ्यांना माझे मनापासून सांगणे आहे. दुकानात जोडी मागू नका. एका जातीची सहा पिल्ले घ्या आणि वाट पाहा. सोबती निवडताना आज ते एकमेकांशेजारी कसे पोहतात हे पाहू नका. ज्या दिवशी त्यांतल्या एका जोडीला अर्धी टाकी हवी असेल, त्या दिवशी बाकीचे कुठे जातील याची तजवीज आधी करा. तेवढी जागा नसेल, तर एकच जात ठेवा. पुढे त्या पाटीवर मी अशाच सहांतून आपणहून जुळलेली जोडी आणली. तिची अंडी मधाच्या रंगाची राहिली, आणि तिसऱ्या दिवशी पाटीवर बारीक शेपट्या हलू लागल्या.