खोडण्याआधीची प्रत

अम्मी कधी शाळेत गेली नाही. पण 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी ती सांगू लागली की ऐकणारा उठत नसे. खडी फोडण्याचं काम, दुपारची सुकडी, रेशनवरचा लाल मिलो. माझ्या कादंबरीतलं एक प्रकरण मी याच आठवणींवर लिहिलं होतं आणि त्यातले संवाद तिच्या दखनी बोलीतच ठेवले होते. "कायकू रोता रे? मिलोकी रोटी बी रोटीच है ना!"

दुसरा खर्डा करताना एका जाणकारांनी सल्ला दिला की मराठी वाचकाला दखनी जड जाईल, संवाद प्रमाण मराठीत आणा. मलाही पटलं. खरं सांगायचं तर, आपल्या मराठीला कुणी 'मुसलमानी' म्हणू नये ही धास्ती मनात होतीच. चार रात्री बसून सगळे संवाद बदलले आणि दर वेळी त्याच फाइलवर 'सेव्ह' करत गेलो.

दोन वर्षांनी अम्मीचा इंतकाल झाला. चाळिसावा झाल्यावर मी ते प्रकरण उघडलं. त्यात अम्मी नव्हती. कुणी शिकलेली बाई तिच्या आठवणी सांगत होती. जुनी प्रत संगणकात कुठेच सापडली नाही. मोठ्या आपाकडे पहिल्या खर्ड्याची नऊ छापील पानं निघाली. अम्मीला वाचून दाखवायला तिने ती नेली होती. बाकीचं आम्ही दोघांनी आठवून लिहिलं. पण त्यातला शब्द न् शब्द अम्मीचाच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तेव्हापासून मी पुस्तकाचं काम 'स्क्रिव्हनर' या सॉफ्टवेअरमध्ये करतो. प्रकरणाला हात लावण्याआधी त्याचा 'स्नॅपशॉट' घेतो. त्या क्षणाचा मजकूर तारीख-वेळेसह बाजूला राहतो. त्याला मी कारणासकट नाव देतो: 'दखनी संवाद, बदलण्यापूर्वी'. 'अंतिम', 'अंतिम 2', 'खरंच अंतिम' अशा नावांवरून वर्षभराने काही उमगत नाही. जुना मजकूर आजच्या मजकुराशी ताडून पाहता येतो, हवा तर परतही आणता येतो. मात्र त्याआधी आजच्या मजकुराचाही स्नॅपशॉट घ्यावा. स्नॅपशॉट त्या त्या प्रकरणापुरता असतो. म्हणून प्रकरणांची मांडणी बदलायची असेल, तर अख्ख्या पुस्तकाची वेगळी प्रत काढून तिच्यावर तारीख घालावी. आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर हवीच. संगणक बिघडला तर त्यातले स्नॅपशॉटही जातात. 'वर्ड'वर लिहिणाऱ्यांनी फेरफार सुरू करण्याआधी 'सेव्ह ॲज' करून नव्या नावाची फाइल करावी. पुढे 'कम्पेअर' दोन्हींतला फरक दाखवतं.

मसुदा हा आपला रोजचा शब्द अरबीतून आला. मुसव्वदा म्हणजे काळं केलेलं, खाडाखोडीचं लिखाण. त्यावरून उतरवलेली स्वच्छ प्रत म्हणजे मुबय्यदा, पांढरी केलेली. पांढरी करायची तर काळी समोर असावी लागते. मी काळीच पुसून टाकली होती.

छपाईला जाणाऱ्या प्रतीत ती नऊ पानं आता दखनीतच आहेत. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत, एवढंच.