कामाजोगं लाकूड

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की पहिला प्रश्न ठरलेला : "सागाचं आहे ना?" दार असो, देव्हारा असो, नाहीतर नुसतं लाटणं असो. सागाची ही कीर्ती खोटी नाही. त्याच्या अंगातच तेल असतं, त्यामुळे पाणी सहजी मुरत नाही आणि पिकल्या गाभ्याच्या वाटेला वाळवी सहसा जात नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये साग गेला तो आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला, बल्लारपूरच्या डेपोतून. दाराला, चौकटीला, नावेला साग मागा, मी आनंदानं देईन. पण सगळ्याच कामांना साग मागणाऱ्याला मी बसवून घेतो, पाणी देतो आणि दोन गोष्टी सांगतो. माझ्या मते सुतारकीतलं अर्धं शहाणपण रंधा हातात घेण्याआधीचं आहे. कोणत्या कामाला कोणतं झाड, हे ते शहाणपण.

आमचं घराणं सातारा भागातलं. आजोबांनी बलुतं खाल्लेलं. सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं आणि वर्षभर गावाची औतं उभी ठेवायची, असा तो व्यवहार. त्यांच्या कामात साग फार थोडा. नांगराला आणि चाकाला बाभळ. कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, कारण तो झटका सोसतो. जुवाला तिवस, चिवट असून बैलाच्या मानेला बेताचा. मुसळाला खैर. विहिरीच्या तळाशी बसवायच्या कड्याला जांभूळ, ते पाण्याखाली वर्षानुवर्षं टिकतं. पाळण्याला शिवण, कारण ती वजनाला हलकी आणि एकदा वाळली की तडकत नाही. जेवायच्या पाटाला आंबा. ही यादी कुणी लिहून ठेवलेली नव्हती, ती शिवारात उभी होती. कुणाच्या बांधावर कोणतं खोड पिकत आलंय हे आजोबांना त्या घरच्या माणसांइतकंच ठाऊक असायचं.

बैलगाडीचं चाक हे या सगळ्या विद्येचं टोक. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे आणि सगळ्यावरून लोखंडी धाव. तुंब्याला चहूबाजूंनी भोकं पडतात, म्हणजे तो फुटायची भीती सगळ्यांत जास्त. म्हणून तिथं बाभळीच्या बुंध्याचा पीळदार तुकडा लागतो. ज्याची रेषा सरळ नाही, तो उभा चिरत नाही. आऱ्याचं नेमकं उलट. आरा सरळ रेषेचाच हवा, म्हणून तो करवतीनं कापण्यापेक्षा पाचर ठोकून फोडून काढलेला बरा. फोडलेल्या तुकड्यात रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहते, कापलेल्यात ती कुठंतरी तुटते आणि आरा तिथंच मोडतो. एकाच झाडाची दोन लाकडं, एक पिळासाठी निवडलेलं आणि एक सरळपणासाठी.

मग लोहार येई. धावेचा घेर चाकापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. गोवऱ्यांच्या आरात ती लाल करायची की ती फुगते, सांडशांनी उचलून चाकावर उतरवायची आणि लगेच वरून पाणी. धाव आकसते, पुठ्ठे एकमेकांत घुसतात, आरे तुंब्यात आणखी रुततात. लाकूड करकरतं, धूर होतो, आणि सगळे सांधे एकदम आवळले जातात. खिळा नाही, सरस नाही. उन्हाळ्यात लाकूड वाळून चाक ढिलं झालं की गाडीवान गाडी नदीच्या पाण्यात उभी करायचे. लाकूड पाणी पिऊन फुगतं, चाक पुन्हा घट्ट. आता ऊसवाहतुकीची गाडीसुद्धा टायरवर चालते आणि बैलांच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं. तरी धाव बसवताना एकदा पाहिलेल्या माणसाला लाकडाचा स्वभाव वेगळा शिकवावा लागत नाही.

तो स्वभाव असा : लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची आवळून बांधलेली मोळी. ओल आली की नळ्या जाड होतात, लांब होत नाहीत. म्हणून फळी रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ तेवढीच राहते. पावसाळ्यात दार बसत नाही ते यामुळे. जुलैत माणसं घाईघाईनं बोलावतात, "कडेनं जरा रंधा मारून द्या." मी सांगतो, दिवाळीपर्यंत थांबा. जुलैत तासलेल्या दाराला जानेवारीत बोटभर फट पडते आणि ती बुजवायला पुन्हा मलाच यावं लागतं. जेवायच्या जुन्या पाटाला खालून दोन आडव्या पट्ट्या असतात, त्या पाहा. चांगल्या सुतारानं त्या खिळ्यांनी जखडलेल्या नसतात, खाचेत सरकवलेल्या असतात. फळीला वर्षातून एकदा फुगायला आणि एकदा आकसायला जागा लागते. ती दिली नाही की फळी मधोमध उलते.

लाकडाचा खरा वैरी वय नाही, साचलेली ओल आहे. वाड्याचा कोणताही खांब पाहा, तो जमिनीवर उभा नसतो, दगडी तळखड्यावर असतो. नळ्यांची उघडी तोंडं खांबाच्या बुडाशी असतात आणि ओल तिथूनच वर चढते. दगड मध्ये घातला की तो रस्ता बंद. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीला मी जातो तेव्हा वरच्या तुळया ठोकून पाहिल्या तर खणखणीत वाजतात आणि चौकटीची बुडं मात्र भुसा झालेली असतात. कारण नंतर कुणीतरी फरशी वाढवली, तळखडा गाडला गेला आणि फरशी धुतलेलं पाणी चौकटीच्या पायाशी साचू लागलं. अशा वेळी सगळी चौकट बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतात. माझा आग्रह असतो की बूड तेवढं कापावं, जुन्याच सागाचा तुकडा कुसात बसवावा आणि फरशीला बाहेरच्या बाजूनं उतार द्यावा. पुण्यात भवानी पेठेच्या लाकूडबाजारात पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकायला येतं. शंभर वर्षं मुरलेला तो साग आता वाकायचाही नाही आणि फुगायचाही फारसा नाही. परदेशी साग घनफुटावर विकत घेण्याआधी तिथं एक फेरी मारावी.

ओल नसेल तर लाकूड किती टिकतं? लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन मान वर करा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर पोखरून केलेलं हे साधारण 124 फूट लांबीचं दालन, आणि त्याच्या कमानदार छताला आतून लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. मूळच्याच. स्तूपावरची छत्रीही लाकडाची. सुतार म्हणून मी तिथं उभा राहतो तेव्हा डोळे भरून येतात. या फासळ्यांवर भार कसलाच नाही, छत तर अखंड कातळाचं. तरीही त्या बसवल्या, कारण त्या काळच्या माणसाला मोठं घर म्हणजे लाकडाचं घर हेच ठाऊक होतं. शेजारच्या भाजे लेण्यात तर दगडी खांब आत कललेले आहेत. लाकडी खांब तसे कलते रोवावे लागतात, नाहीतर कमानीचा रेटा त्यांना बाहेर ढकलतो. कातळाला त्याची काहीच गरज नव्हती. दगड फोडणाऱ्यांनी सुतारांचं घर जसंच्या तसं उचललं आणि ते घर आपल्याला दाखवायला आज दुसरं फारसं काही उरलेलं नाही.

कार्ल्याच्या दारापाशी ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. धेनुकाकट गावचा वढकी, म्हणजे सुतार, वेणुवासाचा मुलगा सामि यानं हे दार केलं, असं त्यात सांगितलं आहे. राजांची, व्यापाऱ्यांची, भिक्षूंची नावं असलेल्या लेण्यात एका सुताराचं नाव, बापाच्या नावासकट. माझ्या मुलाला मी ते मुद्दाम नेऊन दाखवलं.

आता प्लायवूडबद्दल. जुने कारागीर प्लायचं नाव काढलं की तोंड फिरवतात, मी नाही फिरवत. प्लाय करणाऱ्यांनी लाकडाचा तोच स्वभाव ओळखून त्यावर तोड काढली आहे. पातळ थर एकावर एक चिकटवताना एकाची रेषा उभी तर पुढच्याची आडवी. एक फुगू पाहतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. दोन्ही तोंडांना ताण सारखा राहावा म्हणून थरांची संख्या विषम. त्यामुळे चार फुटी रुंद फळी वाकत नाही, जी अखंड लाकडात मिळवायची तर केवढं झाड पाडावं लागेल! शिवाय हा माल बहुतेक जंगलातला नाही. हरियाणात यमुनानगरच्या आसपास शेतकरी बांधावर पॉप्लर आणि निलगिरी लावतात, त्यावर तिथले कारखाने चालतात. कपाटाला, फळ्यांना, पलंगाच्या तळाला प्लाय जरूर वापरा. फक्त घेताना पाठीवरचा शिक्का वाचा. 303 हा मुख्यतः कोरड्या खोलीचा माल, 710 हा पाण्याजवळचा. स्वयंपाकघरात सिंकखाली 303 लावून वर चकचकीत सनमायका चढवतात आणि दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात, ही फसवणूक मी रोज पाहतो आणि तिचा मला राग येतो. प्लायची दुसरी कमजोरी म्हणजे त्याची कड. कडेत स्क्रू धरत नाही, म्हणून बिजागरी कडेत कधी मारू नये.

पण प्लायमुळे एक झालं. घरातली सगळी कामं एकाच फळीतून निघू लागली आणि कामाप्रमाणे झाड निवडायची सवय सुटली. ती अजून टिकून आहे ती स्वयंपाकघरात. लाटणं वजनदार हवं, पोळी त्याच्या भारानं लाटली जाते, हाताच्या जोरानं नाही. म्हणून शिसव किंवा बाभळ. पोळपाटाला पाय तीनच, कारण ओट्यावर किंवा जमिनीवर कुठंही ठेवला तरी तीन पाय डुगडुगत नाहीत. जुन्या पोळपाटाचे पाय त्याच ठोकळ्यातून कोरून काढलेले असतात, त्यात निखळायला सांधाच नसतो. भाकरी काठवटीत थापतात, ताक लाकडी रवीनं घुसळतात. आंबट ताकाला लाकूड काही करत नाही आणि ताकही लाकडाला काही करत नाही. एवढंच सांभाळा की धुतलं की लगेच पुसायचं आणि सावलीत उभं करून ठेवायचं. पाण्यात भिजत घातलेला आणि मग कडक उन्हात टाकलेला पोळपाट चिरणारच.

ही सवय टिकून असलेली दुसरी जागा मिरज. इंग्रजी अमलात हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा तिथले शिकलगार तंबोरे आणि सतारी करू लागले, ती परंपरा आजवर चालू आहे. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या दांडीला ते तून वापरतात. तून हलका, तारांचा ताण सोसूनही पिळत नाही आणि नाद अंगात घेतो. तिथं साग मागणारं गिऱ्हाईक कुणी पाहिलेलं नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली खेळणी आणि रंगीत फळं पांगाऱ्याची, कारण तो मऊ, हलका आणि कोरायला सोपा. तबल्याच्या खोडाला मात्र जड शिसव किंवा खैर. तिथं हलकं लाकूड चालत नाही.

या कारागिरांची आजची अडचण हाताची नाही, झाडाची आहे. पांगारा हवा तेव्हा मिळत नाही. तिवस आणि धावडा मी वखारीत मागतो तेव्हा तरुण मालक माझ्याकडे पाहत राहतो. लावणारा प्रत्येक जण साग लावतो, कारण बाजारात तेवढंच नाव चालतं. ओळखीचे शेतकरी बांधावर काय लावू म्हणून विचारतात तेव्हा मी सांगतो, दहा सागांमागे एक शिवण लावा, ती लवकर वाढते. कोकणात असाल तर कुंपणाला पांगाऱ्याची फांदी खोवा, ती रुजतेच. आणि पडीक कोपऱ्यात बाभळ येऊ द्या. तिच्याखाली पीक दबतं, काटे पायात मोडतात, हे मला मान्य आहे, म्हणूनच कोपरा. तिच्यासाठी रोप विकत आणावं लागत नाही. शेंगा शेळ्यांना खाऊ घालायच्या, गोठ्यातलं पडलेलं बी वेचून ठेवायचं आणि पहिल्या पावसाला मातीत टाकायचं. शेळीच्या पोटातून गेलेलं बी लवकर फुटतं.